मरळ टिकवायची असेल तर बेडूक सोडा, लाकडी मासा धरा

मृगाचे पहिले पाणी ओढ्यानाल्यांना आले की आपल्या नांदेड-लातूरकडे दोन कामे एकदमच सुरू होतात. शेतात तिफण चालते आणि तळ्यावर गळ पडतो. तिफणीबद्दल या पानावर नेहमीच लिहिले जाते. आज गळाबद्दल लिहायचे आहे. तुम्ही म्हणाल, खताची टंचाई, विम्याचे पैसे, रात्रीची वीज हे सगळं सोडून हा गृहस्थ मासे धरायच्या गोष्टी काय सांगत बसला! पण जरा दम धरा. गोष्ट गळाची असली तरी ती शेवटी तुमच्या बांधावर आणि ग्रामपंचायतीच्या दारातच येऊन थांबते.

पावसाळ्याच्या तोंडी गावातली पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन बांधाबांधाने का हिंडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. बेडूक धरायला. धरलेले बेडूक डब्यात कोंबायचे, सकाळी तळ्यावर न्यायचे, जिवंत बेडकाच्या पाठीत गळ खुपसायचा आणि पाण्यावर सोडून द्यायचा. तो तडफडत पोहतो, खालून मरळ येते आणि गिळते. मरळीला बेडूक फार प्रिय, त्यामुळे हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. पण एक मरळ लागेपर्यंत किती बेडूक मरतात, याचा हिशेब कोणी करतो का?

बेडूक म्हणजे शेताचा बिनपगारी राखणदार. रात्रभर तो किडे, अळ्या, नाकतोडे टिपत असतो. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जात होत्या. बेडूक कमी झाले तर शेतातली कीड वाढेल, ही ओरड झाली आणि 1987 साली केंद्र सरकारने ती निर्यात बंद केली. परदेशी जाणारा बेडूक सरकारने वाचवला; बांधावरचा बेडूक आपण अजून गळाला लावतो. वर पुन्हा कीड वाढली म्हणून औषधाच्या दुकानात उधारी करतो. याला काय म्हणावे?

आता मरळीकडे वळू. मरळ काय चीज आहे हे भोई समाजातल्या जुन्या माणसांना विचारा. दंडासारखे गोल अंग, सापासारखे चपटे डोके आणि दातांनी भरलेला जबडा. इतर मासे पाण्यातच श्वास घेतात. मरळ मात्र अधूनमधून वर येऊन तोंडाने हवा घेते. म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळली तर ती तासन् तास जिवंत राहते आणि बाजारात जिवंतच विकली जाते. कटला-रोहूपेक्षा तिला भाव जास्त, तो त्यासाठीच. तळे आटले तर ओल्या गाळात दडी मारून ती दिवस काढते. आपल्या शेजारच्या तेलंगणात तिला कोर्रमीनू म्हणतात आणि त्या राज्याने तिला राज्यमाशाचा मान दिला आहे. मृगाला हैदराबादेत दम्यासाठी जिवंत मासा गिळायला आपल्याकडूनही माणसे जातात. गुण येतो की नाही हा वेगळा विषय. पण तो गिळायचा मासा म्हणजे मरळीचेच पिलू.

या माशाचा आणखी एक गुण आहे, आणि तोच त्याच्या मुळावर आला आहे. पावसाळ्यात नर-मादी मिळून काठाच्या गवतात जागा साफ करतात. तिथे अंडी पाण्यावर तरंगत राहतात. पिले निघाली की ती शेंदरी-तांबूस रंगाची असतात आणि एका गोळ्याने फिरतात. सगळी एकदम हवा घ्यायला वर आली की पाणी उकळल्यासारखे दिसते. आई-बाप त्या गोळ्याखाली राखणीला असतात. जवळ जे येईल, मग तो बेडूक असो, साप असो की काठीचे टोक, त्याच्यावर ते धावून जातात. भूक म्हणून नव्हे, लेकरांसाठी. गळवाल्याला हे पक्के ठाऊक असते. तो नेमका त्या उकळत्या पाण्यातच गळ टाकतो.

मी दुसऱ्यांना नावे ठेवत नाही. हे पाप मी स्वतः केलेले आहे. वीस-बावीस वर्षांचा असताना आमच्या गावतळ्यात असाच एक गोळा दिसला. बेडूक टाकला, मादी लागली. तासाभराने त्याच जागी नरही लागला. दोन्ही काठीला अडकवून मिरवत घरी आणल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर तिथे पिलांचा मागमूस नव्हता. चिलापी, पाणसाप आणि बगळ्यांनी रातोरात सगळा गोळा साफ केला होता. शेजारच्या शेतातले आबा बांधावर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "दोन मरळी खाल्लास लेका, पण दोनशे मारलास." ते वाक्य अजून कानात आहे.

त्यानंतर तळ्यात मरळ कमीच होत गेली. त्याला एकटा गळ कारणीभूत नाही. बारीक फासाची जाळी आली. काही ठिकाणी पाण्यात विषारी औषध टाकण्याचे प्रकार झाले. कोणी मोटारीची वायर पाण्यात सोडून करंटने मासे मारू लागले; त्यात मासे मरतात आणि कधी माणूसही मरतो. पाण्यात सुरुंग लावायला आणि विष टाकायला इंग्रजांनी 1897 सालच्या कायद्यातच बंदी घातली होती. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी जे राज्यकर्त्याला कळले, ते आपल्याला अजून वळत नाही. या सगळ्यांच्या तुलनेत गळ हे सौम्य हत्यार आहे. एका वेळी एक मासा लागतो आणि तो जिवंत हातात येतो. ठेवायचा की सोडायचा हे माणसाला ठरवता येते. जाळ्याला आणि करंटला ही सोय नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की गळ बंद करू नका, गळ सुधारा. आणि ती सुधारणा म्हणजे जोडाचा लाकडी मासा.

हा प्रकार अमेरिकेतून आला. तिकडे बास नावाचा शिकारी मासा आहे. स्वभाव बराचसा आपल्या मरळीसारखा. त्याला फसवायला लाकडाचा बनावट मासा करतात, त्याला लुअर म्हणतात. जगातला सर्वांत मोठा बास म्हणून ज्याची नोंद झाली, तो 1932 साली जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी या विशीतल्या गरीब शेतकऱ्याने अशाच एका लाकडी माशावर धरला. वजन 22 पौंड 4 औंस, म्हणजे दहा किलोच्या वर. पोस्टात नेऊन त्याचे वजन केले आणि मग घरी नेऊन घरच्यांनी तो खाल्ला. पुढे कॅलिफोर्नियात तलावांमध्ये ट्राऊट मासे सोडले जाऊ लागले. बास ते खाऊन फुगले. तिथल्या गळवाल्यांनी विचार केला की मोठा मासा वीतभर ट्राऊट खातो, तर त्याला बोटभर खेळणे दाखवून काय उपयोग? त्यांनी घरच्या घरी वीतभर लांबीचे, मधे जोड असलेले लाकडी ट्राऊट घडवले. आज असे मासे दुकानातून घ्यायचे तर चांगल्या कारागिराच्या एकेकाला काही हजार रुपये पडतात. आपल्याला ते परवडायचे नाही. पण आपल्याकडे सुतार आहे ना!

आमच्या गावच्या सुतारकाकांकडे गेल्या काही वर्षांपासून हे काम चालते. पहिल्यांदा लोक हसले. कोणी विचारले, "काय करूलालाव काका?" तर काका म्हणाले, "मासा घडवूलालो. खाता येत न्हाई, पण पवतंय बघा!" आता आसपासची पोरं त्यांच्याकडून मासे करून नेतात. कृती अवघड नाही. ती इथे मुद्दाम देतो.

लाकूड पांगाऱ्याचे घ्यावे. हलके असते, मऊ असते, तासायला सोपे. वीतभर लांब आणि दोन-तीन बोटे उंच असा माशाचा आकार तासून त्याचे दोन किंवा तीन तुकडे करावेत. डोक्याकडचा तुकडा मोठा, शेपटीकडचा लहान. पांगारा मऊ असल्यामुळे त्यात नुसता आकड्याचा स्क्रू पिरगाळला तर मोठ्या मरळीच्या पहिल्या हिसक्याला तो उपटून येतो. म्हणून प्रत्येक तुकड्याला पोटाकडून करवतीची चीर द्यावी आणि त्यात आरपार तार बसवावी. सायकलच्या आऱ्याची तार यासाठी उत्तम. तारेच्या दोन्ही टोकांना डोळे वळवून एका तुकड्याचा डोळा दुसऱ्याच्या डोळ्यात अडकवला की जोड तयार झाला. चीर एम-सीलने बुजवावी. समोरासमोर येणाऱ्या दोन्ही कडा निमुळत्या कराव्यात, नाहीतर तुकडे एकमेकांना घासतात आणि मासा वळतच नाही. फट फार मोठी ठेवली तर शेपूट उलटी फिरते आणि तंगूसला पीळ पडतो. करंगळीच्या नखाएवढी फट पुरते.

जबड्याखाली प्लास्टिकची किंवा पत्र्याची तिरपी जीभ बसवावी. तंगूस ओढला की पाणी या जिभेवर दाबते, डोके खाली जाते आणि डावी-उजवीकडे हलते. मधल्या जोडामुळे तेच हलणे शेपटीपर्यंत वाढत जाते आणि मासा नागमोडी चालतो. एकसंध लाकडाचा मासा नुसता थरथरतो. जोडाचा मासा पोहतो. माशाच्या कुशीवर एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली हालचाल कळते. म्हणून गढूळ पाण्यातही मरळीला जोडाचा मासा दुरून उमगतो.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तोल. रंग देण्याआधी मासा पाण्याच्या बादलीत सोडून बघावा. तो सरळ, पाठ वर ठेवून तरंगला पाहिजे. कुशीवर पडला तर पोटाशी शिसे वाढवावे, तेही जितके खाली बसवता येईल तितके खाली. शेपूट बुडत असेल तर शिसे डोक्याकडे सरकवावे. ही परीक्षा गळ अडकवून करावी, कारण गळाच्या वजनाने तोल बदलतो. तोल जमला की रंग द्यावा आणि वर वार्निशचे तीन हात मारावेत. वार्निशमध्ये कंजुषी केली तर लाकूड पाणी पिते आणि चार दिवसांत जोड फुगून बसतो.

शहरातून तयार मासा आणला असेल तरी तो आहे तसा वापरू नये. त्याला बहुधा तीन काट्यांचे गळ असतात. ते काढून एकेरी, जाड गळ लावावेत आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. असा गळ मरळीच्या तोंडातून सहज सुटतो, सोडलेली मरळ जगते आणि आपल्या बोटातही तो रुतून बसत नाही. एकेरी गळ हलका पडून मासा जास्तच वर तरंगू लागला, तर गळाच्या दांड्यावर शिशाची तार गुंडाळावी. रंगही बदलावा. दुकानातला मासा ट्राऊटच्या रंगाचा. मरळीने ट्राऊट कधी पाहिला आहे? आपल्या तळ्यात चिलापी आहे. राखाडी-हिरव्या अंगावर आडवे तळपट्टे नकोत, उभे काळसर पट्टे ओढले की तो चिलापी दिसतो.

हा मासा कुठे चालतो आणि कुठे नाही, हेही सांगितले पाहिजे. बेशरमाच्या झुडपात आणि जलपर्णीत तो टाकू नका. अडकेल आणि हरवेल. तिथे रबरी बेडूक बरा; गळ पाठीशी चिकटून वर असल्यामुळे तो गवतावरून सरकतो. जोडाचा लाकडी मासा मोकळ्या पाण्याचा. तलावाच्या भिंतीच्या दगडी पिचिंगच्या कडेला, जुन्या ओढ्याच्या पात्रात, नदीच्या डोहाच्या तोंडाशी तो टाकावा. पहाटे आणि दिवस मावळताना. ओढायचा सावकाश. चार हात ओढायचा, थांबायचा, तो वर येऊ द्यायचा, पुन्हा ओढायचा. घाई करणाऱ्याला मरळ लागत नाही. ती बहुतेक वेळा थांबलेल्या माशावरच येते. दगडात अडकला असे वाटले तर ओढाताण करू नका. तंगूस ढिला सोडा. लाकडाचा असल्यामुळे बऱ्याचदा तो आपोआप सुटून वर येतो.

विष्णुपुरीचा शंकरसागर असो, लिंबोटी असो, बारूळ असो की मांजरा, गळवाल्यांनी एक पथ्य पाळावे. पावसाळ्यात दरवाजाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उतरू नये. दरवाजे उघडले की पाणी माणसाला वेळ देत नाही.

आता मच्छीमार संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा आक्षेप मला ऐकू येतो. ते म्हणतील, "आम्ही पैसे भरून ठेका घ्यायचा, कटला-रोहू-मृगळचे बोटुकली सोडायचे, ते तुमची मरळ खाणार आणि वर हे हौशी लोक फुकटात मासे नेणार!" आक्षेप खरा आहे. मरळ बोटुकली खाते, हे नाकारून चालणार नाही. पण मरळ चिलापीही खाते, आणि चिलापी वाढली की तीच कटला-रोहूचा चारा पळवते. बीज जरा मोठे करून सोडले तर नुकसान कमी होते. राहिला फुकटचा प्रश्न. तो पावतीने सुटतो. संस्थेने गळवाल्याला दिवसाचा पास द्यावा, माफक शुल्क घ्यावे आणि किती मासे न्यायचे ते पासावर लिहावे. पैसे देऊन काठावर बसलेला माणूस तळ्याचा राखणदार होतो. रात्री करंट लावायला कोण आले, औषध कोणी ओतले, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. संस्थेला बिनपगारी पहारेकरी मिळतो, हे का सोडायचे?

एक धोक्याची सूचना. परदेशी गळाचे वेड लागले की परदेशी मासाही आणावा असे काहींना वाटू लागते. ही चूक करू नका. जपानमध्ये 1925 साली बास आणून सोडला. पुढे तो तिथल्या तलावांत पसरला आणि त्यांचे मूळचे छोटे मासे खाऊ लागला. 2009 साली तिथल्या बिवा सरोवरात पेरीच्या तोडीचा बास सापडला, साऱ्या जगात नाव झाले. पण त्याच सरोवरात पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे, इतके ते लोक त्याला कंटाळले आहेत. आपल्याकडे आफ्रिकन मांगूरची तीच गत झाली आणि 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घालावी लागली. गळ अमेरिकेचा चालेल. मासा आपलाच पाहिजे. आपल्याकडे मरळ असताना बासची गरजच काय?

पाण्याचेही बघितले पाहिजे. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. पाणी नाही तिथे माशाची काय कथा! पण दुष्काळातही ओल्या गाळात मरळ तग धरते, हे वर सांगितलेच. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तळ्यांचा गाळ निघू लागला, शेतात पडू लागला, चांगलेच झाले. फक्त गाळ काढताना तळ्याच्या सर्वांत खोल भागातला ओला गाळ आणि डबके तेवढे शिल्लक ठेवा. जेसीबीवाल्याला ते आधी सांगून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तळ्यात मरळ दिसेल ती त्या डबक्यातूनच येईल.

सरपंच, ग्रामसेवक आणि संस्थेच्या मंडळींना म्हणून एवढीच विनंती आहे. 1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, म्हणजे मृगाच्या आत तळ्यावर पाटी लागेल. ती तारीख हुकली असेल तर 15 ऑगस्टची ग्रामसभा आहेच. पाटीवर फार लिहायला नको. करंट आणि औषध टाकणाऱ्यावर पोलिसांत तक्रार. जिवंत बेडूक गळाला लावायला बंदी. मृगापासून पोळ्यापर्यंत पिलांच्या गोळ्यावर गळ टाकायला बंदी. चुकून राखणीची मरळ लागलीच तर लगेच, त्याच जागी सोडायची. तुटलेला तंगूस काठावर टाकायचा नाही, कारण तो बगळ्याच्या पायात अडकतो आणि चाऱ्याबरोबर गुराच्या पोटात जातो. पास संस्थेकडे मिळेल.

यात शासनाचा एक पैसा लागत नाही. सुतारकाकांना चार पैसे मिळतात, संस्थेला शुल्क मिळते, बांधावर बेडूक राहतो आणि तळ्यात मरळ राहते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तळ्यावर एक शाळकरी पोरगा लाकडी मासा घेऊन उभा होता. समोर पाणी उकळत होते. मी म्हटले, "टाक की!" तो म्हणाला, "नको काका, लेकरं हायत खाली." आबा असते तर त्याची पाठ थोपटली असती. पंचायतीने पाटी लावायच्या आधीच पोरांना कळू लागले आहे. आता मोठ्यांनी तेवढे मनावर घ्यावे.